दादाचा अबोला

सन एकोणीसशे एकाहत्तर. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. माझा थोरला भाऊ, ज्याला घरात सगळे दादा म्हणायचे, चाळिशीच्या पुढे गेलेला. वडील मी रांगत असताना गेले, तेव्हा मला वाढवलं ते दादानेच. शाळा मी तिसरीपर्यंत केली. चौथीत मास्तरांनी कान पिळला, मी दप्तर टाकून घरी आलो आणि पुन्हा गेलो नाही. दादाने मारलं नाही. एवढंच म्हणाला, "मग बैलामागं चल." पुढे लिहायला-वाचायला मी माझं मीच शिकलो, म्हणून माझं शुद्धलेखन कोणी काढू नये.

आमचा मळा सोनईच्या अलीकडे. विहिरीला पाणी बरं होतं. मोट मी हाकायची आणि दारं दादाने धरायचं, अशी वाटणी होती. दारं धरायचं म्हणजे खोरं घेऊन पाटावर उभं राहायचं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. शेवटचा वाफा भरत आला की दारं धरणाऱ्याने हाळी द्यायची, "बाऽऽस!" मोटेवरच्याने आपली अक्कल चालवायची नाही. हाळी येईपर्यंत मोट चालू ठेवायची, हाळी आली की बैल उभे करायचे. सगळ्या मुलखात हाच कायदा होता, आमच्याकडे तर दोन पिढ्यांचा.

आणि दादाची हाळी काय सांगू. तो बांधावरून "भाकर!" म्हणाला की घरात वैनी तवा ठेवायची. शेजारच्या मळ्यातले लोक चेष्टेने म्हणायचे, "ह्याच्या 'बास'वर आमीबी मोटा सोडतो." घरात दादा बोलला की विषय संपला. त्याच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. माझी होती, पण मीही ती वर्षातून एखाद्या वेळीच वापरायचो.

त्या वर्षी वापरली. माझ्या सासऱ्यांनी विहिरीवर विजेची मोटार बसवली आणि त्यांचं जुनं तेलाचं इंजिन मला देऊ केलं. दादा ओट्यावर बसून विडी ओढत होता. मी सांगितलं तसा उठून उभा राहिला.

"सासऱ्याच्या इंजिनानं माझ्या इहिरीचं पानी काडनार व्हय रं तू?"

"इहीर दोगांची हाय, दादा."

"आन् बैलं? बैलांनी काय मारुतीच्या देवळात बसून भजन करावं?"

"बैलं नांगराला हायेत की. तुझाच घसा वाचंल. दिसभर वरडत ऱ्हातोस."

"माझा घसा माझ्यापाशी. सासुरवाडीचा माल हितं न्हाई चालायचा."

मी आणला. बैलगाडीत घालून आणला आणि विहिरीवर माझ्या हाताने बसवला. त्यात मी चूक मानत नाही, आजही मानत नाही. अर्ध्या वेळात भिजणं व्हायचं.

पण पहिल्याच दिवशी घोळ झाला. इंजिनाच्या फटफटाटात मला दादाची हाळी ऐकू येईना. तो तिकडे "बास" म्हणतोय आणि मी इकडे पाणी सोडतोय. वाफे फुटले, नुकती लावलेली कांद्याची रोपं उखडून बांधावरून वाहून गेली. दादा खोरं घेऊन तरातरा चालत आला आणि माझ्यापुढे उभा राहून एवढा ओरडला की इंजिन चालू असूनही मला शब्द न शब्द ऐकू आला. तो काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. त्याचा पुरा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

दुसऱ्या दिवसापासून त्याने हाळी सोडली. एका लांब काठीला खांद्यावरचा टावेल बांधला. शेवटचा वाफा भरत आला की बांधावर उभा राहून काठी उंच धरायचा आणि टावेल हलवायचा. मी इंजिन बंद करायचो. पद्धत अगदी नामी होती. आजूबाजूला ज्यांनी पुढे इंजिनं घेतली त्यांनीही तीच उचलली. आणि दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

आमच्या घराण्यात अबोला काही नवीन नव्हता. आमचे चुलते आणि वडील एका चुलीवर जेवत असून दोन पावसाळे बोलले नव्हते म्हणतात. अबोल्यात काम अडत नाही. पेरणी होते, लग्नं होतात. नुसतं मध्ये एक माणूस लागतं. आमच्या मध्ये वैनी होती. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. तेव्हा मी म्हणायचो, "वैनी, दादाला सांग, उद्या गव्हाला पाणी हाय." आणि दादा तिथेच हातभरावर बसलेला असायचा. तो मान हलवायचा. वैनी म्हणायची, "भावजी, तुमचे दादा व्हय म्हनत्यात. आता मला एक खाकी डगला शिवा आन् टपालात लावून टाका."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून "गोड बोला" म्हणायचं असतं. दादाने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि काही न बोलता उठून गेला. मला वाटलं, किती हा राग! मग मीही मनाशी धरलं, आपणही बापाचेच आहोत, बघू कोण आधी बोलतो.

हळूहळू तो वैनीशीही बोलेना. आधी घोगरं बोलायचा, मग दोन-दोन शब्द, मग खुणा. वैनीने हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, अडुळशाचा काढा दिला. मला म्हणाली, "घसा बसलाय ह्यांचा." मी म्हणालो, "घसा न्हाई, राग बसलाय." तिलाही ते पटलं. तिला वाटलं, भावजींना आधी वाढलं म्हणून हे माझ्यावरही रुसले. ती बिचारी त्यांना आधी वाढायला लागली. तरी ते बोलेनात. ताटात भाकरी तशीच राहायला लागली, तेव्हाही आम्ही म्हणालो, अन्नावर राग काढतोय. दुसऱ्या कोणाच्या घरात आवाज गेला असता तर चार दिवसांत कोणी तरी म्हटलं असतं, दाखवून या. आमच्या घरात आवाज जाणं ही कुळाची रीत होती.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ. वैनी भाकरी घेऊन मळ्यात आली आणि थारोळ्यावर, म्हणजे विहिरीचं पाणी पडतं त्या कुंडीवर, पाणी प्यायला वाकली. पाठीमागे इंजिनाचा पट्टा फिरत होता आणि तिचा पदर खांद्यावरून सुटून वाऱ्याने त्या पट्ट्याकडे जात होता. मी इंजिनाच्या पलीकडे तेलाचा डबा उचलत होतो, मला काही दिसलं नाही. दादा बांधावर होता. त्याला दिसलं. सहज म्हणून मी मान वर केली, तर दादा तोंड फाडून उभा. मानेच्या शिरा दोऱ्यासारख्या ताणलेल्या, डोळे बाहेर येऊन वैनीवर लागलेले, दोन्ही हात वर. मी इंजिनाची कळ दाबली आणि वैनीला ओढलं. पदराचा काठ पट्ट्यात जाऊन फाटला, तिला मात्र काही झालं नाही.

इंजिन थांबलं, मळा गप्प झाला. दादा तसाच तोंड उघडून ओरडत होता. आवाज येत नव्हता. भात्यातून वारा सुटावा तसं नुसतं फुस्स येत होतं.

मी पळत त्याच्याकडे गेलो. "दादा, बोल की!"

त्याने माझा दंड धरला. कान त्याच्या तोंडापाशी नेला तेव्हा कळलं.

"बोलाया व्हईना रं."

"कवापास्नं?"

त्याने हात मागे हलवला. लई दिवसांपासून.

"मंग सांगितलं का न्हाईस?"

त्यावर तो हसला. त्याला आम्ही सगळे रागावलेला समजत होतो ते बरंच वाटत होतं. आवाज गेलेला माणूस दुबळा दिसतो. रागावलेला दिसत नाही. हे त्याने सांगितलं नाही, पण तो माझा भाऊ होता, मला सांगायची गरज नव्हती.

आम्ही एस.टी.ने नगरला गेलो, वैनीलाही नेलं. घशाच्या डॉक्टरांनी कपाळावर आरसा बांधला, दुसरा एक चमच्याएवढा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला, फडक्यात दादाची जीभ धरून पुढे ओढली आणि बराच वेळ आत पाहिलं. मग मानेवर बोटांनी चाचपलं. हात धुतला आणि मला म्हणाले, "तुम्ही कोण?"

"धाकटा भाऊ."

"विडी किती वर्षं ओढतात?"

"मी जल्माला यायच्या आधीपासनं असंल."

"गाठ आहे. पुण्याला न्या. तिथे तुकडा काढून तपासतील, पण मी तुम्हाला खोटी आशा देत नाही. हा कॅन्सर आहे. लवकर आले असते तर लाईट, म्हणजे किरणं, देऊन भागलं असतं. आता स्वरयंत्र काढावं लागेल."

"म्हंजे?"

"आवाजाची पेटी. ती सगळी काढून टाकायची आणि इथे," त्यांनी स्वतःच्या गळ्याच्या खड्ड्यावर बोट ठेवलं, "एक भोक ठेवायचं. श्वास तिथून. बोलता येणार नाही, पण माणूस जगेल. नाही काढलं तर गाठ वाढत वाढत श्वासच बंद करेल."

मी विचारलं, "ती वाढतीय तर वाढतीय, पन थांबत का न्हाई? घाव झाला तर मांस भरून येतं आन् आपोआप थांबतं की."

डॉक्टर म्हणाले, "हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी माझा हा आरसा मी फेकून देईन."

ते न कळलेलं मी पुढे पन्नास वर्षं डोक्यात घेऊन फिरलो. आता माझी नात पुण्यात एका प्रयोगशाळेत याच रोगावर काम करते. मागल्या दिवाळीला आली होती, तेव्हा तिला धरून बसवलं आणि म्हणालो, मला समजेल असं सांग, आणि नाही समजलं तर दोष तुझा.

ती म्हणाली, "आजोबा, अंग पेशींचं बनलेलं असतं, डोळ्याला दिसणार नाहीत एवढ्या बारीक. प्रत्येक पेशीला बाहेरून हुकूम येतात. वाढ, थांब, मर. ते ऐकायला तिच्या अंगावर कान असतात."

"बरं."

"हे कान कसे बनवायचे, हुकूम आत कसा पोचवायचा, याचं मूळ दप्तर आत कुलपात असतं. ते बाहेर काढत नाहीत. लागेल तेवढ्या भागाची नक्कल काढतात आणि ती कामगारांकडे देतात. त्या नकलेला आरएनए म्हणतात. काम झालं की नक्कल फाडून टाकायची."

"मग चूक नकलेत होती म्हण की."

"नाही ना. गंमत तीच आहे. पुष्कळदा अक्षर न अक्षर बरोबर असतं. पण नकलेतल्या काही अक्षरांवर बारीक खुणा करतात. खूण करणारे वेगळे, पुसणारे वेगळे, आणि ती पाहून पुढचं ठरवणारे वेगळे. ही नक्कल जपून ठेवा, ही पुन्हा पुन्हा वाचा, ही लगेच फाडा, हे त्या खुणांवर ठरतं. कॅन्सरमध्ये त्या खुणांचा कारभार बिघडतो. 'वाढ' ऐकणाऱ्या कानांची नक्कल फाडलीच जात नाही, म्हणून कान वाढत जातात. 'थांब' ऐकणाऱ्यांची नक्कल वाचायच्या आधीच फाडली जाते."

"म्हंजे थांब म्हणणारा ओरडतोय, पण ह्याला ऐकायला कानच नाही."

"बरोबर. आणि उलटंही होतं. बाहेरून 'वाढ, वाढ' असा गलका झाला की त्याने आतल्या खुणा बदलतात. मग त्या खुणांनी गलका आणखी मोठा ऐकू येतो."

"एकमेकाला चढवतात."

"हो."

"इतके जण कारभारी, आणि एकालाही दिसलं नाही?"

मग मी विचारलं, "तेव्हा ह्या खुणा ठाऊक असत्या तर?"

"तेव्हा जगात कुठे कुठे त्या नुकत्या दिसायला लागल्या होत्या, आजोबा. कशासाठी आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं. आजही आम्ही चाचपडतोय. काही औषधांची तपासणी चालू आहे, पण तुम्हाला खात्रीने सांगावं असं माझ्याकडे काही नाही. आणि विडीचा धूर होताच की."

पोरीनेही खोटी आशा दिली नाही. उठून गोठ्यात गेलो. कळलं तर होतं. कळल्याने काही हलकं झालं नाही. तिच्या आईने, माझ्या सुनेने, मागून विचारलं, "मामा, चहा घेता का?" मी नको म्हणालो.

तर नगरच्या त्या खोलीत डॉक्टर बोलायचे थांबले. मी दादाकडे पाहिलं. त्याने खांद्यावरचा टावेल काढला, हातात उंच धरला आणि हलवला. डॉक्टरांना समजलं नाही. मला आणि वैनीला समजलं. बास. बंद कर.

"काय म्हणतायत?" डॉक्टर म्हणाले.

"नगं म्हनतोय."

"तुम्ही समजवा. घरात कारभारी कोण?"

मी दादाकडे बोट केलं.

"मग होकार त्यांचाच लागेल."

"मी सही देतो. मला सही येती."

"ते शुद्धीवर आहेत. त्यांच्या अंगावर त्यांच्या परवानगीवाचून मी तरी हात टाकणार नाही, पुण्याचेही टाकणार नाहीत."

मी आयुष्यात कोणाच्या पाया पडलो नाही, सासऱ्याच्याही नाही. तिथे दादाच्या पडलो. त्याने मला उठवलं, धोतराच्या सोग्याने माझं तोंड पुसलं, मी लहान असताना पुसायचा तसं, आणि बाहेर चालू लागला. वैनीने डॉक्टरांकडून पुण्याच्या इस्पितळाचं नाव एका चिठोऱ्यावर लिहून घेतलं. एस.टी.त आम्ही तिघं एका बाकावर बसून आलो. कोणी बोललं नाही. या खेपेला राग कोणाचाच नव्हता.

घरी आल्यावर दिवस मावळायच्या आत मी जे जे म्हणता येईल ते म्हणून पाहिलं. दादा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता.

"दादा, इंजिन उतरवतो. सासऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. मोट जोडू. तू म्हनशील तसं. पुन्याला चल."

त्याने नकाराची मान हलवली. मला जवळ बोलावलं. कानात म्हणाला, "इंजान चांगलं हाय. ऱ्हाऊ दे."

हे मला आधी सांगायचं ना! एवढे महिने मी जे ऐकायला थांबलो होतो ते ऐकलं आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता.

"मंग चल की. माझं इंजान चांगलं, तर माझं हेबी आईक."

"गळ्यात भोक घिऊन पारावर बसू? पोरं दगडं मारत्याल."

"कोन मारतंय बगतो मी."

"आन् हाक कशी मारू तुमाला?"

वैनी दारात उभी होती. पदराचा फाटलेला काठ तिने अजून शिवला नव्हता. नवऱ्यासमोर कधी आवाज न चढवलेली बाई, ती मोठ्याने म्हणाली, "नका मारू हाक! मला तुमची हाक नगं. इतके महिनं मुक्यानंच नांदले न्हवं? मुके ऱ्हावा, पन ऱ्हावा."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं हलला. डोळे भरले होते त्याचे. मग त्याने काठी उचलली, आणि बैलांना वैरण टाकायला गोठ्याकडे गेला. आमच्या घरात एकदा नाही म्हटलं की नाही. हे मीच दहा ठिकाणी छाती पुढे काढून सांगत आलो होतो.

पण मीही त्याच घरातला. गोठ्याच्या दारात उभा राहून त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीला मी फाट्यावर बसतो. पुन्याची तयारी करून बसतो. यायचं तर ये, न्हाई आलास तर परवाबी बसंन, आन् तेरवाबी." तो वैरण टाकत राहिला. वैनीने दोघांचं एक गाठोडं बांधलं: त्याचं धोतर, माझा सदरा, भाकरी, लसणाची चटणी, आणि तो चिठोरा.

सकाळी तांबडं फुटायच्या आधी मी निघालो. निघताना दादाच्या अंथरुणाकडे पाहिलं. तो जागा होता. फाट्यावर लिंबाखाली गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. वाट आमच्या मळ्याकडून सरळ येते, लांबून माणूस दिसतो. दुधाच्या किटल्या घेऊन एक सायकलवाला गेला. म्हणाला, "पावनं, कुटं?" मी म्हणालो, "पुन्याला." "एकलंच?" "न्हाई, दोगं."

गाडी आली. कंडक्टरने दार उघडलं. मी उठलो नाही.

"चला, चला, नगर!"

"जरा थांबा, अजून एक माणूस यायचा हाय."

तो भला माणूस होता. त्याने वाटेकडे पाहिलं, मीही पाहिलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, वाटंवर तर कोनबी न्हाई."

मी म्हणालो, "यील."

त्याने घंटी मारली. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि मी गाठोडं पुन्हा मांडीवर घेऊन मळ्याकडे तोंड करून बसलो.